कोलॅजेनच्या कलाने

मंगळवार हा आमच्याकडे वाकड्या पायांचा वार. मराठवाड्यातलं जिल्हा रुग्णालय, त्यामुळे अस्थिरोग विभागात गर्दी रोजचीच. पण मंगळवारी प्लास्टर रूमसमोरच्या बाकांवर म्हातारे गुडघे आणि मोडलेले हात कमी असतात. तिथे कुंची घातलेली, दुपट्यात गुंडाळलेली बाळं असतात आणि त्यांच्याबरोबर आई, आजी, कधी मामा, कधी गावातली आशाताई. दुपटं सोडलं की पाय दिसतो. तळवा आत वळलेला, पंजा खाली झुकलेला, टाच वर चढून बसलेली, तळव्याच्या आतल्या कडेला एक खोल वळी. टाचेवर बोट दाबलं तर आत काही लागत नाही, हाड वर ओढलं गेलेलं असतं. बाकी बाळ ठणठणीत. दूध पितं, रडतं, बोट घट्ट धरतं.

हजार जन्मांमागे साधारण एका बाळाचा पाय असा असतो. मुलींपेक्षा मुलांमध्ये हे प्रमाण जवळजवळ दुप्पट, आणि सुमारे निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वळलेले.

पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, हाड वाकडं हाय का?" या प्रश्नाला मी घाईनं उत्तर देत नाही, कारण पुढची चार-पाच वर्षं या उत्तरावर उभी राहायची असतात. या वयात पायाच्या मागच्या भागातली हाडं बरीचशी कूर्चेचीच असतात. ती जागेवरून सरकलीत, आणि त्यांना तिथे ओढून धरलंय ते घोट्याच्या मागच्या आणि आतल्या बाजूच्या अस्थिबंधांनी आणि पिंढरीपासून टाचेपर्यंत जाणाऱ्या मोठ्या कंडरेनं. हे बंध जाड आणि आखूड झालेले असतात, आणि ते ज्याचे बनलेले असतात ते प्रथिन म्हणजे कोलॅजेन. माझं निम्मं आयुष्य या प्रथिनाशी बोटांनी बोलण्यात गेलं आहे, असं मी म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा कोलॅजेनचा. त्वचा, हाड, कंडरा, अस्थिबंध, रक्तवाहिन्यांच्या भिंती, डोळ्यातला पारदर्शक पडदा, सगळीकडे ते आहे. त्याचे आजवर अठ्ठावीस प्रकार ओळखले गेलेत, पण कंडरा आणि अस्थिबंधांत मुख्यतः पहिला प्रकार. तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या, आणि प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सगळ्यात छोटं अमिनो आम्ल. पिळाच्या आत जागाच इतकी अरुंद की तिथे दुसरं काही मावत नाही. ही तीन पदरी रचना १९५४-५५ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली. त्यांनी क्ष-किरणांनी तपासलेल्या नमुन्यांत कांगारूच्या शेपटीतली कंडराही होती. विद्यार्थिनी असताना हे वाचलं तेव्हा मला मनापासून अभिमान वाटला होता. आजही नवे निवासी डॉक्टर रुजू झाले की त्यांना मी हे सांगते. ज्या धाग्याला आपण हात लावणार आहोत त्याची घडण आपल्याच देशात, फार साध्या साधनांनी उलगडली गेली, हे त्यांना ठाऊक असावं असं मला वाटतं.

पण माझ्या कामाला रेणूपेक्षा एक पायरी वरची गोष्ट जास्त लागते. अस्थिबंधाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर कोलॅजेनचे तंतू सरळ दिसत नाहीत, ते लाटालाटांनी जातात. ध्रुवित प्रकाशात त्याच कापावर उजळ आणि काळे पट्टे एकाआड एक उमटतात. रात्रभर घातलेली वेणी सकाळी सोडली की केसांना ज्या लाटा राहतात, तशा. केस हलकेच ओढले तर लाटा सरळ होतात, सोडले की परत येतात. अस्थिबंधही तसाच. हळू ताणला तर आधी लाटा उलगडतात आणि तेवढी लांबी कुठेही इजा न होता मिळते. त्यापुढेही ओढत राहिलं तर मग खुद्द तंतूंवर ताण येतो, आणि आणखी ओढलं तर ते तुटतात. माझं सगळं काम या लाटांच्या आत बसतं.

ही गोष्ट उपचारात उतरवली इग्नासिओ पोन्सेती यांनी. मिनोर्का बेटावरच्या घड्याळजीचा हा मुलगा, लहानपणी वडिलांच्या हाताखाली घड्याळं दुरुस्त करायचा. स्पेनच्या यादवी युद्धात जखमी सैनिकांवर उपचार केले, मग फ्रान्स, मेक्सिको असं करत १९४१ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात पोचला. तिथे त्यांनी आधीच्या वर्षांत शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचे पाय पुन्हा तपासले. पाय सरळ दिसत होते, पण ताठ होते, दुखत होते. कापलेल्या अस्थिबंधांच्या जागी व्रणाचं कोलॅजेन भरलं होतं, आणि व्रणात मूळ अस्थिबंधासारखी शिस्त नसते. तंतू वाटेल तसे पडतात, एकमेकांना चिकटतात, सांधा जखडतो. १९४८च्या सुमाराला पोन्सेतींनी न कापता, हलक्या हातानं ताण देऊन आणि प्लास्टरनं तो टिकवून पाय सरळ करायला सुरुवात केली. पुढे १९७४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर या आजारातल्या कोलॅजेनवरही अभ्यास प्रसिद्ध केला. बाकीच्या जगानं त्यांचं म्हणणं मनावर घ्यायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. २००९ साली, पंचाण्णव वर्षांचे होऊन ते गेले. शेवटपर्यंत बाळांचे पाय त्यांच्या हातात होते.

पहिलं प्लास्टर सगळ्यांना कोड्यात टाकतं. पंजा आधीच आत वळलेला, आणि मी अंगठ्याच्या बाजूनं तो आणखी वर उचलते. बघणाऱ्याला वाटतं, पाय जास्तच वाकडा केला. पण तळव्यातला खोल बाक आधी सैल झाला पाहिजे, पंजा आणि टाच एका रेषेत आली पाहिजेत. त्यानंतरच्या आठवड्यांत पंजा हळूहळू बाहेर न्यायचा. त्या वेळी माझा डावा अंगठा घोट्याच्या समोर, किंचित बाहेरच्या बाजूला, घोट्याच्या हाडाच्या डोक्यावर टेकलेला असतो. ते डोकं त्वचेखाली वाटाण्याएवढं लागतं. तोच सगळा आधार. त्या आधाराभोवती उरलेला पाय फिरतो आणि टाच न ओढता आपोआप सरळ होत जाते. टाचेला हात लावायचा नाही, हा नियम मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगते. टाच धरली की ती अडते, आणि तिच्याबरोबर सगळं अडतं.

बाळाला आईच्या मांडीवर पाजायला सांगते, कारण पीत असलेलं बाळ पाय सैल सोडतं. मग ताण देते आणि थांबते. सुरुवातीला बोटांना एक ठाम अडसर लागतो. जोर वाढवायचा नाही, तेवढाच धरून राहायचं. थोड्या वेळानं तोच ताण ठेवूनही अडसर मऊ झाल्याचं बोटांना कळतं. कोलॅजेनच्या ऊतीचा हा स्वभावच आहे, एका लांबीवर धरून ठेवलं की तिचा विरोध उतरत जातो. हे कोणत्याही पुस्तकातून हाताला शिकवता येत नाही. मी निवासी डॉक्टरांच्या बोटांवर माझी बोटं ठेवून धरते, आणि अडसर उतरला की त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळतं.

एवढं झालं की आमचे प्लास्टरवाले मामा कामाला लागतात. आधी कापसाची पातळ पट्टी, मग कोमट पाण्यातून काढून पिळलेलं प्लास्टर, बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत. मी पाय धरून असते, मामा माझ्या बोटांवरूनही गुंडाळत जातात. ते ओलं असताना घोट्याभोवती, टाचेच्या वरच्या बाजूला बोटांनी सतत आकार देत राहायचं, एका जागी दाबून धरायचं नाही, नाही तर आत फोड येतो. आवळताना प्लास्टर गरम होतं, ती ऊब हातमोज्यातूनही कळते. मग गुडघा काटकोनात ठेवून प्लास्टर मांडीपर्यंत. "मांडीपर्यंत कशाला? पाय तर खाली हाय," असं आज्या विचारतात. गुडघा मोकळा सोडला तर पाय प्लास्टरमध्ये गोल फिरतो आणि मिळवलेलं सगळं जातं. बोटं मात्र उघडी ठेवतो आणि आईला सांगतो, बोटं निळी पडली, सुजली किंवा आत गेल्यासारखी दिसली तर मंगळवारची वाट बघायची नाही, रात्री असो की अपरात्र, यायचं.

मग पाच ते सात दिवस. त्या दिवसांत आपण काही करत नाही, पण पायात बरंच काही चाललेलं असतं. ताणलेल्या लांबीवर पेशी नवं कोलॅजेन घालतात, जुन्याची मांडणी बदलतात. तान्ह्या बाळाच्या कोलॅजेनमध्ये तंतूंना तंतू जोडणारे पक्के आडवे बंध अजून फार झालेले नसतात, म्हणून ते इतक्या लवकर नव्या लांबीला तयार होतं. आठवड्यानं प्लास्टर काढलं की अस्थिबंधात लाटा परत आलेल्या असतात, म्हणजे पुन्हा थोडं ताणायला वाव. म्हणून एका आठवड्यात दोन आठवड्यांचं काम करता येत नाही. पोन्सेतींच्या आधी आणि नंतरही पुष्कळ ठिकाणी जोर लावून पंजा वर दाबला गेला. मागची टाच जखडलेलीच राहिली, पाय मधेच मोडल्यासारखा झाला, तळवा खालून फुगीर. असे पाय मोठ्या वयात आमच्याकडे येतात तेव्हा बघवत नाहीत.

प्लास्टर काढायला आम्ही करवत वापरत नाही. तिच्या आवाजानं बाळ घाबरतं आणि पुढच्या मंगळवारी दार दिसताच रडायला लागतं. कोमट पाण्यात भिजवून प्लास्टरच्या सुरीनं काढतो. वेळ लागतो. मामा तेवढ्यात बाळाशी गप्पा मारतात.

चार-सहा प्लास्टरांत पंजा बाहेर येतो, बहुतेकांचा साठ-सत्तर अंशांपर्यंत. उरते ती टाच. मागची कंडरा जाडजूड असते, लाटा कमी, ती या ताणाला पुरेशी दाद देत नाही. दहांपैकी आठ-नऊ बाळांत ती कापावी लागते. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती. बारीक पात्याचं टोक त्वचेतून आत, कंडरेवर आडवं, आणि एका क्षणी बोटाला 'टक्' असं जाणवतं. पाय लगेच पंधरा-वीस अंश वर येतो. टाका नाही, एक थेंब रक्त. बाहेर उभ्या बापाला 'नस कापली' हे ऐकून घाम फुटतो, म्हणून हे मी आधीच्या मंगळवारीच समजावून ठेवते. कापलेली टोकं एकमेकांपासून दूर जातात, मधली जागा रक्तानं भरते. तिथे पेशी येतात, आधी तिसऱ्या प्रकारचं नाजूक कोलॅजेन घालतात, मग हळूहळू पहिल्या प्रकारचं मजबूत. तीन आठवड्यांनी शेवटचं प्लास्टर काढतो तेव्हा मी नखानं टाचेमागे चाचपते. सलग दोरी लागते, पूर्वीपेक्षा लांब. मोठ्या माणसाची हीच कंडरा तुटली तर सावरायला महिने लागतात.

या शस्त्रक्रियेचा इतिहासही मला आवडतो. विल्यम लिटल हा इंग्रज डॉक्टर स्वतः वाकड्या पायाचा होता. १८३६ साली हॅनोव्हरच्या स्ट्रोमायर यांनी त्याच्या पायाची कंडरा त्वचेखालून कापली. पाय सुधारला आणि लिटल लंडनला परतून इतरांवर तीच शस्त्रक्रिया करू लागला.

आता आयांबद्दल. पहिल्या भेटीत आई बहुधा बोलतच नाही. बोलते सासू, नणंद, शेजारीण. "गिरानात भाजी चिरली हिनं." "पाय दुमडून बसली व्हती, मी सांगत हुते." ती मान खाली घालून बाळाचं दुपटं सारखं करत असते. याचा मला आतून त्रास होतो आणि मी ते तिथेच तोडते. घरच्या सगळ्यांना समोर बसवून सांगते की हा बदल गर्भाच्या साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात सुरू होतो. त्यामागे आनुवंशिकतेचा धागा आहे, पण तो आईचाच असं नाही, आणि नेमकं एकच कारण आजवर सापडलेलं नाही. ग्रहण, चाकू, बसणं, उठणं, यांतलं काही नाही. हिनं काही केलं म्हणून झालं नाही आणि हिनं काही टाळलं असतं म्हणून टळलं नसतं. हे बोलताना मी आईकडे बघते. माझ्या लेखी हे उपचाराचंच काम आहे. चार वर्षं रोज रात्री बाळाच्या पायात बूट जिनं चढवायचे, ती अपराधी मनानं ते कसं करील?

अलीकडे दुसरा एक प्रश्न येतो. मोबाइलवर जाहिरात बघून एखादा तरुण बाप विचारतो, "मॅडम, कोलॅजेनची पावडर मिळते, ती पाजली तर?" त्याचं चुकत नाही, मीच तर त्याला कोलॅजेन हा शब्द सांगितलेला असतो. खाल्लेलं कोलॅजेन पोटात अमिनो आम्लं आणि छोटे तुकडे होऊन रक्तात जातं, त्याला घोट्याचा पत्ता ठाऊक नसतो. आणि मुळात या बाळाला कोलॅजेन कमी पडलेलं नाही, नको त्या जागी ते जास्त आणि आखूड आहे. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको. पावडरीच्या पैशांत आईला डाळ, अंडी, पेरू, आवळा, लिंबू द्या. शरीर कोलॅजेन घडवतं तेव्हा त्याच्या साखळ्या पक्क्या करायला क जीवनसत्त्व लागतं, ते नसलं की हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या जखमाही उकलतात. पण वाकडा पाय त्या कमतरतेनं होत नाही, हेही लगेच जोडते, नाही तर तो ठपका पुन्हा आईच्या ताटावर येतो.

प्लास्टर संपलं की घरच्यांना वाटतं, सुटलो. पाय सुंदर दिसतो, फोटो काढले जातात. आणि मला सगळ्यात जास्त काळजी इथून पुढची असते. जे कारण पोटात असताना या अस्थिबंधांना आखूड करत होतं, ते जन्मानंतरही तीन ते पाच वर्षं जागं राहतं. नवं कोलॅजेन पुन्हा त्याच बाजूला ओढू लागतं. म्हणून दांडीला जोडलेले बूट, वाकडा पाय सत्तर अंश बाहेर, चांगला पाय चाळीस. पहिले तीन महिने दिवसातले तेवीस तास, नंतर झोपेच्या वेळी, चार वर्षांची होईपर्यंत. पाय परत वळण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे हे बूट सुटणं. आमच्याकडचे बूट चामड्याचे, युगांडात स्टीनबीक यांनी गावातल्या मोच्याला बनवता येतील असे तयार केले त्या धर्तीचे. चामडं म्हणजेही कोलॅजेनच, कमावून टिकाऊ केलेलं.

आणि आमच्या भागात दसरा झाला की गावं रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी साखर कारखान्यांकडे निघतात, कोल्हापूर, सांगली, सातारा, कर्नाटक. परतायचं ते मार्च-एप्रिलला, कधी त्याही नंतर. कोपीत अंधार, पहाटे चारला फडात, बाळ उसाच्या पाचटावर झोपवलेलं किंवा मोठ्या भावंडाच्या कडेवर. या काळात बाळाचा पाय वाढतो, बूट लहान होतात, पायाला घासतात, मग काढून ठेवले जातात. आईवर चिडून काय होणार? तिच्या दिवसात तो बूट बसवायचा कसा, एवढाच माझ्यापुढचा प्रश्न.

म्हणून आम्ही सप्टेंबरपासून यादी काढतो. कोण ऊसतोडीला जाणार, कोणत्या कारखान्यावर, टोळी कुठली. जाण्याआधी पुढच्या मापाचा जोड देऊन ठेवतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरहून सुरू झाला, वाकडा पाय त्याच्या यादीत आहे, आणि त्याची पथकं सगळीकडे आहेत. तेव्हा ज्या तालुक्यात हे लोक जाणार तिथल्या पथकाला बाळाचं नाव आणि बुटाचं माप कळवतो. सगळीकडून उत्तर येतं असं नाही. तरी कळवतो.

मार्चमध्ये परत आलेल्या मुलांची मी आधी टाच बघते. पाय वर उचलताना ती अडते का, मूल चालताना पंजा आत पडतो का. अडत असेल तर पुन्हा प्लास्टर, आणि बहुतेकांचं दोन-तीनांत भागतं. काहींची कंडरा पुन्हा कापावी लागते. अडीच-तीन वर्षांपुढच्या काहींमध्ये पायाच्या पुढच्या बाजूची एक कंडरा आतून बाहेर वळवून बसवतो. आयोवातल्या मुलांना तीस वर्षांनी तपासलं तेव्हा ७८ टक्क्यांचे पाय चांगले किंवा उत्तम होते, आणि जन्मतः सरळ पाय असलेल्या त्याच वयाच्या माणसांत हे प्रमाण ८५ टक्के. हा आकडा मी आयांना सांगते. त्यांना तो नीट समजतो.

गेल्या हंगामाआधी एका बाळाबरोबर त्याची आठ-नऊ वर्षांची बहीण आली होती. आई म्हणाली, फडातून यायला उशीर होतो, संध्याकाळी बूट हीच घालील, हिला दाखवा. मुलीनं बूट उलटसुलट करून बघितला. मागे टाचेपाशी एक भोक असतं, त्यातून टाच तळाला टेकल्याचं दिसतं. तिनं विचारलं, "टाच दिसली न्हाई तर पट्टा आवळायचा का?" मी म्हटलं, नाही. आधी गुडघा वाकव, मग पाय खाली बसव, बुटाची जीभ सरळ कर, भोकातून टाच बघ, आणि मगच पट्टा. तिनं भावाच्या पायावर करून दाखवलं. पहिल्यांदा जीभ दुमडली गेली. मामांनी तिला थांबवलं नाही. तिनंच पट्टा सोडून पुन्हा सुरुवात केली.